मुडदा नसता तर पिक्चर उभाच राहिला नसता

कट्ट्यावर वाद पेटला तो रॉबर्ट रेडफर्डच्या ‘द कंपनी यू कीप’वरून (२०१२). हिरोही रेडफर्डच: वेदर अंडरग्राउंड या अमेरिकेतल्या जहाल डाव्या संघटनेचा जुना सदस्य, बँक दरोड्यातल्या खुनाचा आळ घेऊन लपलेला. मास्तर आधीच तापलेले.

“वेदर अंडरग्राउंडवर सरळ अन्याय आहे हा. १९७१ला अमेरिकेच्या संसद भवनात, १९७२ला पेंटागॉनमध्ये बॉम्ब फोडले, पण आधी फोन करून सांगायचे. मेले ते त्यांचेच तिघे, ६ मार्च १९७०ला, न्यूयॉर्कच्या घरात बॉम्ब बनवताना. पिक्चरमध्ये मात्र मिशिगनची बँक लुटून पहारेकरी मारलाय!”

“तो घरातला बॉम्ब फोर्ट डिक्स या लष्करी तळावर, सैनिकांच्या नाचगाण्यात फोडायचा होता,” संपादकाने टोकलं. “उगाच संत करू नका त्यांना.”

वकील इतका वेळ गप्प होता. “मास्तर, मुडदा काढून टाका, मग हिरो तीस वर्षं लपेल कशाला? खरी गोष्ट बघा. एफबीआयने बेकायदा फोन ऐकले, घरं फोडली. ते उघड होईल म्हणून १९७३-७४ला सरकारनेच मोठे खटले मागे घेतले. उलट एफबीआयच्याच मार्क फेल्टला १९८०मध्ये दोषी धरलं. संघटनेची पुढारी बर्नार्डिन डोर्न त्याच वर्षी हजर झाली. तीन वर्षं देखरेख आणि १५०० डॉलर दंड, संपलं! खुनाचा खटला भरायला मात्र मुदत नसते. म्हणून तो पहारेकरी मारावा लागला.”

“पण गोळी एकाने झाडली ना?”

“दरोड्यात खून झाला की सोबतचे सगळे अडकतात. १९८१ला ब्रिंक्स कंपनीची पैशांची गाडी लुटताना माणसं मेली, त्या दरोड्यात संघटनेची जुनी सदस्य कॅथी बुडिन नुसती पळ काढायच्या ट्रकमध्ये होती, हातात शस्त्र नाही. तरी शिक्षा किमान वीस वर्षं, कमाल जन्मठेप. २००३ला सुटली. म्हणूनच हिरोला ‘मी गोळी झाडली नाही’ म्हणून भागत नाही, ‘मी तिथे नव्हतोच’ हे सिद्ध करावं लागतं. आणि ते सांगू शकते एकटी मिमी, त्याची जुनी मैत्रीण, जी त्या दरोड्यात होती. सगळी धावपळ एवढ्यासाठीच.”

“ब्रिंक्सच्या वेळी संघटना मोडून गेली होती,” मास्तर सोडेनात. ते खरंही आहे; ब्लॅक लिबरेशन आर्मी या कृष्णवर्णीयांच्या सशस्त्र संघटनेबरोबर काही जुने सदस्य होते, बस्स.

संपादकाला वेगळंच खटकलं होतं. “हिरो खोट्या नावाने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत वकिली करतो! मेलेल्या बाळाचा जन्मदाखला काढून नवं नाव घेणं त्या काळी जमायचं, कारण जन्म-मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या नसत. पण तेवढ्यावर सनद? पदवी, गुणपत्रकं, परीक्षा, वर चारित्र्याची चौकशी. डोर्नकडे तर खऱ्या नावाची कायद्याची पदवी होती, तिलाही न्यूयॉर्कने सनद नाकारली. स्वयंपाकीण दाखवली असती तर पटलं असतं. बँक दरोड्यातली दुसरी एक फरारी, कॅथरिन पॉवर, २३ वर्षं लपून राहिली, ऑरेगॉनमध्ये तसंच काम करून, १९९३ला स्वतःहून हजर होईपर्यंत.”

“आणि वय?” मास्तरांना आता मजा यायला लागली. “रेडफर्ड १९३६चा. संघटना निघाली त्या १९६९ला तेहतीस! आणि हा कॉलेजातल्या पोरांचा साथी?”

वकील हसला. “वय चालवून घेऊ. शेवट घ्या. मिमी हजर होते आणि हा सुटतो. तिच्या उलटतपासणीत सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारणार? ‘बाई, या माणसापासून तुम्हाला मुलगी झालीय ना?’”