टीडीएसच्या आकड्याला घाबरून भलतीकडेच बघताय: पाण्याच्या त्या मेसेजबद्दल एकेक करून

सध्या पुण्याच्या कडेकडेच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, वाघोली, उंड्री, पिसोळी, धायरी, मांजरी सगळीकडे, एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की हार्ड पाण्याने, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्याने, किडनी स्टोन होतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) 100 च्या वर गेला की पाणी विष समजा, आरओशिवाय (बारीक पडद्यातून क्षार गाळून काढणाऱ्या मशीनशिवाय) नळाचं पाणी तोंडात घालू नका, बोअरचं पाणी जमिनीतून गाळून येतं म्हणून त्यात जंतू नसतात फक्त क्षार असतात, आणि टाकीत तुरटी फिरवली की हार्डनेस निघून जातो. खाली नुसतं "डॉक्टरांचा सल्ला", नाव कुणाचंच नाही. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी तो वाचून घाईघाईत महागडी मशीनं घेतली. मला खरा राग याचा येतो की ज्याला घाबरायला पाहिजे ते यात निर्धोक म्हणून सांगितलंय आणि ज्याने फक्त गिझर खराब होतो त्याला विष म्हटलंय.

आधी किडनी स्टोन. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात हे खरं, त्यामुळे पाण्यातला कॅल्शियम थेट जाऊन खडा होतो असं वाटणं साहजिक आहे, पण शरीरात तसं सरळ घडत नाही. जेवणातला ऑक्सलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटला की तो बाहेर पडतो, रक्तात कमी जातो, म्हणून तर स्टोनवाल्या पेशंटलाही डॉक्टर उगाच दूध-दही बंद करायला सांगत नाहीत. आणि प्रमाण बघा ना. हार्डनेस 300 मिलिग्रॅम प्रति लिटर असलेलं पाणी घ्या, तो सगळा कॅल्शियममुळेच आहे असं धरा, तरी एका लिटरमध्ये कॅल्शियम होतो 120 मिलिग्रॅम. दिवसाला तीन लिटर प्यायलात तर 360, म्हणजे एका मोठ्या ग्लासभर दुधापेक्षा थोडासाच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेलीच नाही. स्टोनचं एक मोठं कारण आहे पाणी कमी पिणं, आणि असा मेसेज वाचून "आपलं पाणी वाईट" म्हणून लोक पाणीच कमी प्यायला लागले तर नुकसान त्यांचंच.

आता टीडीएस 100. हा आकडा कुठून काढला कोण जाणे. आपलं भारतीय मानक, आयएस 10500, 2012 सालचं, त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा 500 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. हार्डनेसचं तसंच, 200 आणि 600. 2019 च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने तर पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500 च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, कारण पाणी वाया जातं आणि चांगले क्षारही निघून जातात. खडकवासल्याचं किंवा पवनेचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, मुळातच मऊ. ते शुद्धीकरण केंद्रातून नीट क्लोरीन घालून तुमच्याकडे येत असेल तर त्याच्यावर आरओ बसवून एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं, आणि तेही उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजणाऱ्या सोसायटीने, हे मला खरंच बघवत नाही.

आणि टीडीएस बघायचा तो पेनासारखा मीटर, तो पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. त्याला जंतू दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही. गटाराचं थोडं पाणी मिसळलेल्या मऊ पाण्यालाही तो छान 120 दाखवेल. याच्याच जोडीला घरी येऊन विकणारे एक प्रयोग करतात, दोन ग्लासांत दांड्या बुडवून वीज सोडतात, नळाचं पाणी काळपट-तपकिरी होतं, आरओचं स्वच्छ राहतं, आणि बाई-माणसं हादरतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, दांडीतलं लोखंड विरघळून आलेला गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज वाहत नाही म्हणून दांडी विरघळत नाही, एवढंच. पुढच्या वेळी कुणी आलं की त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत करायला सांगा.

तुरटीचं दोन ओळींत सांगता येईल. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, हार्डनेस जात नाही, उलट उकळून गेला असता असा बायकार्बोनेटचा थोडा हार्डनेस सल्फेटचा होतो आणि मग तो उकळूनही जात नाही.

हार्ड पाण्याचा त्रास नाहीच असं मी म्हणत नाहीये, तो रोजचा आहे. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे थर, शॉवरची जाळी बुजते, गिझरची कॉइल जाते, तुरीची डाळ कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते, केस राठ होतात. यावर सोसायटीने सॉफ्टनर बसवला तर चांगलंच आहे. पण तो काय करतो ते कळून घ्या. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून टीडीएस कमी होतच नाही, आणि सोसायटीच्या दर वार्षिक सभेत कुणीतरी मीटर घेऊन "सॉफ्टनर बंद आहे" म्हणून भांडतं ते याच गैरसमजातून. तो चालतो की नाही ते हार्डनेसच्या थेंबांच्या किटने बघायचं, लालसर रंगाचा निळा होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. दर 100 हार्डनेस काढताना लिटरमागे साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतो, त्यामुळे बीपीवाल्यांच्या घरात पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीचा ठेवलेला बरा. त्वचेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर लावून अभ्यास केला होता, 2011 मध्ये निकाल आला, एक्झिमात फरक पडला नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य, बोअरचं पाणी गाळून येतं म्हणून जंतू नसतात हे. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण, आणि त्यात पाणी वाळूतून झिरपल्यासारखं सावकाश येत नाही, ते भेगांमधून येतं. ज्या भेगेतून पावसाचं पाणी येतं त्याच भेगेतून शेजारच्या सेप्टिक टँकचंही येऊ शकतं. जानेवारी 2025 आठवा. पुण्यात सिंहगड रोड, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुईलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातापायांतली ताकद जाणारा आजार) रुग्ण वाढत गेले, एकूण आकडा दोनशेच्या वर गेला, माणसं गेली, कितीतरी लोक आयसीयूत होते. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, संशय पाण्यावर आला. त्या वेळी त्या भागातल्या काही खासगी आरओ प्लांटचं पाणीही पिण्यालायक नाही असं निघालं आणि महापालिकेने ते बंद केले, म्हणजे जारचं पाणी आणलं की सुटलो असंही नाही. किरकटवाडी, नांदेड ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली, धायरी 2017 मध्ये, पण हद्दीत येणं आणि शुद्ध केलेलं पाणी घरात येणं यात मधे वर्षं जातात आणि तेवढी वर्षं लोक विहीर, बोअर, टँकरवरच असतात. त्या दिवसांत टीडीएस बघून कुणाचं काय भलं झालं असतं?

आरओ कुठेच नको असं मात्र नाही. बोअरचा टीडीएस खरंच 500 च्या पुष्कळ वर असेल, किंवा नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर पिण्यापुरता आरओ घ्या. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं, आणि लहान बाळांना ते खरंच धोक्याचं. नुसतं यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) असेल तर हार्ड पाण्यात त्याच्या काचेवर थर चढतो आणि किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत, ती काच वेळच्या वेळी साफ करून घ्या.

तर कमिटीला विचारायचं असेल तर हे विचारा. टँकर नेमका कुठल्या विहिरीवर भरतो. टाकी कधी धुतली. टीसीएल पावडर (क्लोरीनची, म्हणजे ब्लीचिंग पावडर) कोण टाकतं आणि किती. शेवटच्या मजल्याच्या नळाला क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम येतो का, ते ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं द्रावण) दोन थेंब टाकून पिवळं होतं का बघून लगेच कळतं, गावोगावी जलसुरक्षक हेच करतात. आणि लॅबला पाणी देताना "फुल टेस्ट करा" असं मोघम न सांगता ई-कोलाय, नायट्रेट, फ्लोराइड आणि हार्डनेस असं लिहून द्या, 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही. रिपोर्ट लिफ्टपाशी लावा. तो येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळा, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कंटाळा करू नका.