‘दुखणारच’ म्हणून फोन ठेवला गेला, त्या ताईंना

ताई, तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. योनिमार्ग घट्ट करण्याचं ऑपरेशन, त्यानंतरचे बारा दिवस, नीट बसताही न येणं आणि रात्री फोन केल्यावर आमच्याकडून मिळालेलं ‘दुखणारच, गोळी घ्या’ हे उत्तर. हे दुखणं बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, तुम्ही उघड लिहिलंत. तुमची फाइल मी इथे उघडणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

आधी आमची चूक. ‘तीन दिवसांत रोजची कामं सुरू’ असं आमच्या माहितीपत्रकात छापलं होतं. तिसऱ्या दिवशी बाई घरात हळूहळू फिरते, आंघोळ करते, इतकंच. पण आपल्याकडे रोजची कामं म्हणजे पाण्याची कळशी, कडेवरचं मूल, उकिडवं बसून धुणं. यातलं काहीही निदान सहा आठवडे नको. संबंध तर तपासणी होऊन आम्ही हो म्हणेपर्यंत नाहीच. ते पत्रक आज सकाळी काउंटरवरून काढलं.

रात्रीच्या फोनबद्दल तुमचा राग रास्त आहे. ताप आहे का, पॅड किती वेळात भिजतंय, लघवी होतेय का, दुखणं कमी होतंय की वाढतंय, हे विचारल्याशिवाय आमच्याकडच्या कुणीही फोन ठेवायला नको होता. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप 100.4 च्या वर असेल किंवा लघवी अडली असेल, तर ते नेहमीचं दुखणं नसतं. मी तुमची माफी मागते.

‘जोरदार पेनकिलर दिलीच नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्यामागे कारण आहे, ते आधी समजावून सांगायला हवं होतं. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की ताण थेट टाक्यांवर येतो. म्हणून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी आणि किडनीचा किंवा अल्सरचा त्रास नसेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन. कळ उठल्यावर गोळी शोधण्यापेक्षा पहिले काही दिवस घड्याळ बघून घेतलेली बरी. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पुढे कोमट पाण्याच्या टबात बसणं, रात्री इसबगोल, दिवसभर पाणी आणि संडासाला कमोड.

टाके तुटून पडले म्हणजे ऑपरेशन फसलं, असं मात्र नाही. हे टाके विरघळणारे असतात, त्यांचे तुकडे काही आठवडे पॅडवर दिसू शकतात. जखम उघडली आहे का, हे तपासल्यावरच कळेल.

लेसर केलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटतं. मी लेसर मुद्दाम ठेवलेलं नाही. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, अशा यंत्रांबाबत इशारा दिला होता. या कामासाठी ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, भाजणं, व्रण आणि संबंधांच्या वेळी वेदना अशा तक्रारी आल्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं. बाळंतपणानंतर सैलपणा जाणवणाऱ्या बाईला आधी काही महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि नवऱ्याला बाहेर बसवून तिच्याशी बोलणं, हे मला ऑपरेशनपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या बाबतीत यात कमी पडलो असू, तर तेही मला तोंडावर सांगा.

पण हे सगळं नंतर. तुमच्या शेवटच्या ओळीने मला झोप लागली नाही: ‘मागच्या आठवड्यात कमी झालेलं दुखणं दोन दिवसांपासून परत ठणकतंय.’ कमी होऊन पुन्हा वाढणारं दुखणं घरी गोळीवर काढायचं नसतं. आत पू किंवा रक्त साठलंय का, हे आजच बघायला हवं. माझ्याकडे यायची इच्छा नसेल, तर जवळच्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, ऑपरेशनची सगळी कागदपत्रं मी लगेच देते. इथे आलात तर रांगेत बसावं लागणार नाही. आतली खोली रिकामी ठेवायला सांगितलंय, आल्या आल्या आडवं होता येईल.