मी, कॅथलिक जोशी

मी रोमन कॅथलिक आहे हे मला एका सोमवारी संध्याकाळी कळलं. एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, रांगेत पाय भरून आल्यावर. आणि सांगणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर अभिनंदनाचा लवलेशही नव्हता.

तो सोमवार म्हणजे २४ ऑक्टोबर २०२२. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पालिकांच्या निवडणुका दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. त्या वर्षी त्याच सोमवारी लक्ष्मीपूजन आलं. आगाऊ मतदानाची सोय होती, नाही असं नाही. पण त्या दिवसांत आमच्या घरी भाजणी खमंग की करपलेली यावर मतदान चालू होतं आणि निकाल लागत नव्हता. त्यामुळे ऐन दिवाळीत, घरी चौरंग मांडलेला टाकून, झब्ब्यावर थंडीचं जाकीट चढवून मी लोकशाहीच्या रांगेत. शहराचं नाव सांगत नाही. टोरांटोच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे. मला अजून तिथेच घरपट्टी भरायची आहे.

इथे एकाच लांबलचक मतपत्रिकेवर तीन मतं द्यायची असतात. एक महापौराला, एक वॉर्डच्या नगरसेवकाला आणि एक स्कूल ट्रस्टीला, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळावरच्या सदस्याला. महापौर थेट जनता निवडते, नगरसेवकांनी आपसांत ठरवायची भानगड नाही. पालिकेत पक्षही नाहीत, त्यामुळे चिन्हं नाहीत. कमळ नाही, पंजा नाही, आणि धनुष्यबाण तर तेव्हा तुमच्याकडे महाराष्ट्रातही गोठवलेला होता. नुसती नावं. त्या नावांपुढचा लंबगोल काळा करायचा आणि कागद मशीनच्या तोंडात द्यायचा.

तर बाईंनी यादीत माझं नाव शोधलं, लायसन्स पाहिलं, मतपत्रिका दिली. पडद्याआड जायच्या आधी मी सवयीने कागद वरून खाली वाचला (भारतात बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा मुलगा आहे मी), तर तळाशी लिहिलेलं, कॅथलिक डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाचे ट्रस्टी.

“हा कागद माझा नाही,” मी म्हणालो.

“जोशी ना? तुमचाच. इंग्लिश सेपरेट, म्हणजे कॅथलिक. यादीत तसं आहे.”

“पण मी कॅथलिक नाही.”

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग यादीकडे. मग परत माझ्याकडे. दोघांत अधिक विश्वासार्ह कोण याचा त्यांनी मनाशी निर्णय घेतला आणि तो यादीच्या बाजूने लागला. “तुमची खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

आता यावर माणसाने काय पुरावा द्यावा? जानवं घालत असतो तर काढून दाखवलं असतं. झब्ब्याच्या खिशात दोन बत्तासे होते, पण त्यांवरून धर्म सिद्ध होतो की नाही याबद्दल पालिका कायदा काय म्हणतो देव जाणे. बाई म्हणाल्या, सुपरवायझरला बोलावते, बाजूला उभे राहा. बाजूला म्हणजे सगळ्या रांगेला दिसेल असं, मधोमध. आमच्या गल्लीतली अर्धी मंडळी त्या रांगेत होती, आणि एव्हाना सगळ्यांना कळलं होतं की जोश्यांच्या धर्मात काहीतरी घोळ आहे.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून स्वच्छ मराठीत आवाज आला, “ओ जोशी! तुम्ही कॅथलिक?”

ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ. फिक्या रंगाचा स्वेटर, गळ्यात बारीक चेनला क्रॉस, हातात मतपत्रिका. वसईचे, निर्मळजवळचे. इथे येऊन चाळीसेक वर्षं झाली म्हणाले, पण मराठी अशी की आमच्या गणेशोत्सवातल्या निवेदकाने शिकवणी लावावी. त्यांनी आपला कागद माझ्या नाकासमोर धरला. तळाला साध्या सरकारी, म्हणजे पब्लिक बोर्डाचे ट्रस्टी.

“बघा! माझा आजा कॅथलिक, पणजा कॅथलिक, रविवारची मिस्सा मी बर्फातही चुकवली नाही, आणि मला हे! आणि तुम्ही जोशी, तुम्हाला आमचा ट्रस्टी निवडायला देतात!”

“काका, मी मागितला नव्हता हो.”

“१७३९ साली चिमाजी अप्पाने वसई घेतली,” काका आवाज चढवून म्हणाले, “तेव्हाही कुणी मागितली नव्हती.”

मी गप्प बसलो. यावर पेशव्यांच्या वतीने काय खुलासा करायचा हे मला आयत्या वेळी सुचेना. पण काकांची तार लागली होती. बाप्तिस्मा कुठे झाला म्हणून त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. नाही झाला म्हटल्यावर, “मग पॅरिश कुठली?” तीही नाही म्हटल्यावर, “निदान नाताळात केक तरी?” केक खातो म्हटलं. “म्हणजे केकवर यादीत आलात!” असं म्हणून ते इतके खळखळून हसले की टेबलावरच्या बाईंनी त्यांना हळू बोलायला सांगितलं.

मग काकांना तोडगा सुचला, आणि तो त्यांनी बाईंना इंग्रजीत समजावला. “सोपं आहे. याचा कागद मला द्या, माझा याला. दोन माणसं, दोन कागद. हिशेब तोच.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मतपत्रिका अशा बदलत नसतात, त्या म्हणाल्या. काका म्हणाले, का? त्या म्हणाल्या, कारण प्रत्येकाची यादीत वेगळी नोंद आहे. काका म्हणाले, नोंद चुकीची आहे, कागद बरोबर आहेत, फक्त हात चुकलेत. त्या म्हणाल्या, सर, कागद खाली ठेवा. काका म्हणाले, मी बँकेत कॅशियर होतो, मला नोटा मोजता येतात. आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातला कागद खरोखरच धरला. मी सोडला नाही. तो क्षण कुणी फोनवर टिपला असेल तर पाठवू नका, मला बघायचा नाही: झब्बा-जाकिटातला एक ब्राह्मण आणि स्वेटरमधला एक वसईकर, बास्केटबॉलच्या रिंगखाली, एका कॅथलिक मतपत्रिकेची दोन टोकं धरून.

सुपरवायझर येईपर्यंत हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण इथे कित्येक वर्षं राहूनही ते अनेकांना ठाऊक नसतं.

ऑन्टारिओत सरकारी पैशावर चालणारी चार प्रकारची शाळामंडळं आहेत: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक आणि फ्रेंच कॅथलिक. मतदार म्हणून तुम्ही यांपैकी एकाचेच. काहीच सांगितलं नाही तर इंग्रजी पब्लिक. कॅथलिकांच्या शाळांना ही हमी १८६७ साली, कॅनडा देश म्हणून उभा राहिला तेव्हाच, राज्यघटनेच्या ९३व्या कलमात मिळाली. तेव्हा ऑन्टारिओत कॅथलिक अल्पसंख्य होते आणि क्वेबेकमध्ये प्रॉटेस्टंट, म्हणून ती आपसातली तडजोड. क्वेबेकने १९९७ साली घटनादुरुस्ती करून त्यातून अंग काढून घेतलं. न्यूफाउंडलंडने त्याच वर्षी जनमत घेऊन धर्मवार शाळा बंद केल्या. ऑन्टारिओ जागच्या जागी. १९९९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा भेदभाव आहे असं सांगितलं, ते ऑन्टारिओने ऐकून घेतलं. २००७मध्ये जॉन टोरी नावाच्या पुढाऱ्याने प्रांताच्या निवडणुकीत सांगितलं की कॅथलिकांना देता तसे इतर धर्मांच्या शाळांनाही पैसे देऊ, आणि त्या पायी ते सपाटून आपटले. या विषयाला कुणी हात लावत नाही तो तेव्हापासून. टोरी मात्र नंतर टोरांटोचे महापौर झाले आणि मी व काका कागद ओढत होतो त्याच संध्याकाळी, तिसऱ्यांदा निवडून आले.

आता ट्रस्टी करतात काय? विचारू नका. १९९७मध्ये प्रांताने मंडळांची संख्या कापली आणि ट्रस्टींचं मानधन वर्षाला जास्तीत जास्त ५००० डॉलर करून टाकलं. पाठोपाठ शाळांसाठी किती कर घ्यायचा हा अधिकारही काढून घेतला. उरलं काय, तर मंडळाचा मुख्य अधिकारी नेमणं आणि पालकांच्या शिव्या खाणं. उमेदवारी सोपी आहे, शंभर डॉलर भरले की झालं. म्हणून नावं पुष्कळ, माहिती शून्य. महापौरपदाचे उमेदवार निदान टीव्हीवर एकमेकांना बोलतात. ट्रस्टीपदाचा एक उमेदवार आमच्या दारी आला होता. त्याने पत्रक दिलं, “शिक्षण महत्त्वाचं आहे” म्हणाला, मी हो म्हटलं, तो गेला. आणि या सर्वांत धाकट्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या पदासाठी सरकारला माझा धर्म हवा! महापौर निवडताना नको, रस्त्यावरचा बर्फ काढणारा नगरसेवक निवडताना नको. फक्त इथे.

माझी नोंद अशी कशी झाली हे कुणालाच सांगता आलं नाही. आमचं घर आधी मडगावच्या एका कुटुंबाचं होतं. त्यांचं देव्हाऱ्यासारखं लाकडी कपाट आम्ही अजून वापरतो. कदाचित कुठल्याशा खात्याने घराबरोबर धर्मही माझ्या नावावर केला असेल. खरेदीखतात तसं कलम वाचल्याचं मला आठवत नाही.

सुपरवायझर आली. पंचविशीतली मुलगी, प्रसन्न. तिने दोघांना एकेक फॉर्म दिला. नाव, पत्ता, नागरिकत्व, आणि शाळामंडळाच्या चार चौकोनांपैकी एकावर खूण. खाली सही, खोटं लिहिल्यास गुन्हा. मी इंग्लिश पब्लिकवर खूण केली. काका फॉर्मकडे बघत राहिले.

“मी कॅथलिक आहे हे मला लिहून द्यायला लागतंय,” ते म्हणाले, “आणि यांना न विचारता फुकट!”

“सर, फक्त सही करा,” ती म्हणाली.

“ऐंशी वर्षांत पोपनेही माझी सही मागितली नाही!”

केली शेवटी.

या सगळ्यावर हसता येतं, मीही हसलो. पण आमच्या तळघरात नाशिकचं एक जोडपं भाड्याने राहतं. दोघंही पर्मनंट रेसिडेंट. कर भरतात, मुलगी दुसरीत जाते, शाळेतल्या पालकसभेला माझ्यापेक्षा जास्त वेळा जातात. त्यांना मत नाही, कारण नागरिक नाहीत. मुलीच्या शाळेचा ट्रस्टी कोण, यात त्यांना काडीचा शब्द नाही. उलट एखादा नागरिक राहतो एका गावी आणि दुसऱ्या दोन गावांत त्याची घरं भाड्याने दिलेली आहेत, तर त्या गावांच्या पालिकांतही त्याला मत, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही. मालमत्तेला मत आहे, दुसरीतल्या मुलीच्या आईला नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने वर येऊन आमच्या पूजेची तयारी केली, कारण घरधनी मतदानाला गेलेले होते. मला लाज वाटली असं म्हणणार नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. यादी तर माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

पुण्याच्या भावाला रात्री फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्याकडे निवडणूक होते तरी! त्याच्याकडे तेव्हा मार्चपासून प्रशासक बसला होता, मुंबईतही तेच. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट. “नगरसेवक शोधायला गेलो तर माजीच भेटतात,” म्हणाला. त्याचं दुःख मोठं आहे हे मान्य. पण त्याला कुणी भर जिममध्ये धर्म विचारला नाही.

असो. नवा कागद मिळाला. महापौराचा लंबगोल काळा केला, नगरसेवकाचा केला, आणि मग मी त्या ट्रस्टींच्या नावांकडे बघत उभा राहिलो. एवढ्या झगड्याने मिळवलेला माझा खराखुरा, धर्माने शुद्ध ट्रस्टी, आणि त्यांतलं एकही नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. पत्रकवाला त्यांत होता का? तेही आठवेना, पत्रक चकल्यांच्या डब्याखाली गेलं होतं. शेवटी ज्याचं आडनाव न अडखळता वाचता आलं त्याला दिलं.

मशीनने कागद गिळला. बाहेर पार्किंगमध्ये काका गाडीची काच पुसत होते. मी विचारलं, ट्रस्टी कुणाला दिला?

“पहिल्या नावाला,” काका म्हणाले. “ओळखत कोण होतं?”

मग गाडीत बसून त्यांनी काच खाली केली. “ओ जोशी, पुढची निवडणूक ऑक्टोबर २०२६ला. यादीत आधी बघून ठेवा. फ्रेंच कॅथलिक निघालात तर मला फोन करा, आपण कागद बदलू. ती पोरगी तेव्हा नसेल.”