व्हायोलिनची बासरी कशी झाली?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. झोंबली, पण आवडली. इटालियन गीतकार-गायक फाब्रित्सिओ दे आंद्रेवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: इटालियन गाण्यात साहित्य आणणारा तो पहिला नव्हे, त्याचा गाजलेला अल्बम ही एका अमेरिकन कवीची उसनवारी आहे आणि श्रीमंताच्या पोरानं वेश्या-भिकाऱ्यांची गाणी गाणं हे ढोंग आहे.

पहिलं मुकाट मान्य. 1958 पासून तुरिनमध्ये 'कांताक्रोनाके' हा गाणी करणारा गट काम करत होता आणि त्यांच्यासाठी खुद्द कादंबरीकार इतालो काल्व्हिनोनं गाणी लिहिली. 'पहिला' हा शब्द मी भरात लिहून गेले. काढते.

उसनवारीचं मात्र पटत नाही. 1971 चा तो अल्बम त्या अमेरिकन कवीच्या, म्हणजे एडगर ली मास्टर्सच्या 'स्पून रिव्हर' या संग्रहावर (त्यात एका गावातली मेलेली माणसं आपापली कहाणी सांगतात) बेतलाय, हे त्यानं लपवलंच कुठे? त्या कवितांची इटालियन अनुवादिका फेर्नांदा पिव्हानो हिनं घेतलेली त्याची मुलाखत अल्बमसोबतच छापली होती. दोनशेहून जास्त कवितांमधून त्यानं नऊ उचलल्या, ज्युसेप्पे बेंतिव्होलिओला सोबत घेऊन मुक्तछंदाला यमकात बसवलं आणि माणसांची नावं पुसून टाकली. उरले एक न्यायाधीश, एक डॉक्टर, एक वेडा. नाव राहिलं ते फक्त वादक जोन्सचं. पण मास्टर्सच्या जोन्सकडे शेवटी मोडकं व्हायोलिन असतं, दे आंद्रेच्या जोन्सकडे मोडकी बासरी. (वृत्तात बसेना म्हणून असेल, असा माझा अंदाज.) बुटक्या न्यायाधीशाचं बघा. मूळ कविता, त्याला हिणवणाऱ्या वकिलांवर त्यानं उगवलेल्या सुडापाशी थांबते. गाण्यात त्याला अखेरच्या घटकेला देवापुढे गुडघे टेकायचेत, आणि देवाची उंची किती, हे त्याला ठाऊकच नाही. ही ओळ मास्टर्सची नव्हे.

आता श्रीमंती. वडील उद्योजक, जेनोव्हाचे उपमहापौर. नाकारण्यासारखं काही नाही. पण 1979 मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर त्याचं आणि त्याची जोडीदार, गायिका दोरी गेत्सी हिचं अपहरण झालं, जवळपास चार महिने दोघं डोंगरात कैदेत होती. पुढे खटल्यात त्यानं पहारेकऱ्यांना माफ केलं, सूत्रधारांना नाही. 1981 च्या अल्बममध्ये तर सार्डिनियन लोक आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी त्यानं शेजारी-शेजारी उभे केले. ढोंगी माणूस इतकं ओढवून घेईल? हां, खंडणीचा मोठा भाग वडिलांनीच भरला, हा मुद्दा तुमच्या बाजूनं धरा.

तुम्हाला इटालियन येतं असं दिसतं. ते न्यायाधीशाचं गाणं आणि मूळ कविता शेजारी ठेवून वाचा, मग पुन्हा भांडू.