‘सिस्टरने औषधांत डोकं घालू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री ड्यूटीवरून आल्यावर वाचली आणि राग आला, म्हणून उत्तर आज सुट्टीच्या दिवशी लिहितेय. तुमचं म्हणणं असं : आईंना शुगर, बीपी, किडनी तिन्ही आहे, इन्सुलिन वाढवूनही शुगर उतरत नाही, आणि वाशीला घरी येणारी सिस्टर अर्धा तास नुसत्या गप्पा मारते. तिने बीपी बघावं, ड्रेसिंग करावं, निघावं. औषधांचं डॉक्टर बघतील. शिवाय माझा लेख वाचून लोक परस्पर गोळ्या बंद करतील.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तो बरोबर आहे. बीपीच्या अम्लोडिपिन गोळीने काहींच्या पायाला सूज येते, ती उतरवायला लघवीची गोळी सुरू होते आणि मग रात्री चारदा उठताना तोल जातो, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. खोटं नाही ते. पण सूज हृदयामुळे, किडनीमुळेही येते. ‘गोळी सोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा’ हे तिथेच लिहायला हवं होतं. काल दुरुस्त केलं.

गप्पांचं मात्र मान्य नाही.

मीही घरी जाणारी सिस्टरच. कळव्याला माझे एक काका पेशंट होते. शुगर ३००च्या खाली येईना. डॉक्टरांनी इन्सुलिन १४ वरून २० युनिटवर नेलं. मीही दोन व्हिजिट भातावरून लेक्चर झाडलं. काकूंनी बिचाऱ्यांनी घरात भात शिजवणंच बंद केलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, ‘काका, रोज कसं घेता ते मला करून दाखवा.’ त्यांनी फ्रीजच्या दारातून बाटली काढली, चष्मा लावला, बरोबर २० च्या रेघेपर्यंत ओढलं, टिचकी मारून बुडबुडा काढला. हात माझ्यापेक्षा स्थिर. फक्त सिरिंजची टोपी केशरी होती.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलीला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. केशरी टोपी १०० युनिटवाल्या बाटलीसाठी. काकांची बाटली ४० ची. म्हणजे २० च्या रेघेला अंगात जात होते ८ युनिट. मेडिकलवाल्याकडे लाल टोपी संपली होती, ‘सेमच आहे’ म्हणून त्याने ही दिली. दोन महिने!

बरं, हेच काका दुसऱ्या कशासाठी ॲडमिट झाले असते आणि वॉर्डात कागदावरचे २० युनिट योग्य सिरिंजने दिले असते, तर? शुगर धाडकन खाली. त्यात त्यांची किडनी अधू, त्यामुळे इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. हृदयासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी चालू, त्यामुळे शुगर पडताना होणारी थरथर, धडधड दबून जाते. घाम तेवढा सुटतो. तीन डॉक्टर, तीन फायली, प्रत्येक फाईल आपल्या जागी चोख. त्या एकमेकींत कुठे अडकतात ते फ्रीजच्या दारात दिसतं.

डोस मी बदलला नाही, तो माझा अधिकारच नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सगळं नव्याने ठरवून दिलं.

आता तुमच्या सिस्टरबद्दल. ड्रेसिंग राहून गेलं असेल तर चुकलंच, तिला तोंडावर सांगा. पण ‘काल रात्री काय जेवलात’, ‘गुडघ्याला काय घेता’ हे ती विचारत असेल तर मध्ये बोलू नका. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी कुणी औषधात धरतच नाही, आणि अधू किडनीला नेमकी तीच नडते, बीपीही वाढवते.

आणि एक. आज घरी गेलात की आईंच्या बाटलीवर ४० लिहिलंय की १००, आणि सिरिंजची टोपी लाल आहे की केशरी, तेवढं बघा. जुळत नसेल तर डोस स्वतः बदलू नका, पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. मलाही इथे कळवा.