काकांची जिलबी, एकही पिक्सेल न गमावता

घरात कोणी नुसतं "जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेता येतात" एवढं बोललं ना की संपलं, नातेवाईकांचे माळे धडाधड रिकामे व्हायला लागतात. आमच्याकडे आत्याच्या लग्नाची व्हीएचएस आली, १९९४ ची, तीन तासांची, बुरशीच्या वासासकट. दुसऱ्या कोणी एमपी४ करून दिली असती आणि जेवायला गेला असता, पण मी पडलो लॉसलेसवाला, म्हणजे फाईल लहान करताना चित्रातलं काहीही न गमावणारा.

आता हिशोब बघा. ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, कच्चं ठेवलं तर तासाला साधारण ७५ जीबी, म्हणजे अख्खं लग्न सव्वादोनशे जीबीचं, तेव्हाच्या हॉलच्या भाड्यापेक्षा आजची हार्ड डिस्क महाग. म्हणून एफएफव्ही१. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरवाल्यांचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत, फुकट, २०२१ मध्ये त्याचं रीतसर आरएफसी, म्हणजे इंटरनेटवाल्यांचा तांत्रिक दस्तऐवज, पण निघालं, नंबर ९०४३, हे मी घरात सांगितलं तर आई म्हणाली बरं, भाजी आण.

एमपी४ काय करतं, डोळ्याला कळणार नाही असं वाटेल ते गुपचूप टाकून देतं. हा एफएफव्ही१ बाबा काहीच टाकत नाही. डावीकडचा आणि वरचा पिक्सेल बघून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतो. त्यामुळे कॅसेट संपल्यावरचा निळा पडदा चिमूटभर जागेत बसला, पण मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडायला लागल्या, मागे शालूंची जर, त्यात टेपची स्वतःची मुरमुर, म्हणजे चित्रभर वळवळणारे बारीक ठिपके, आणि फाईल जी फुगली म्हणता! अक्षता कुठली आणि मुरमुर कुठली हे त्याला बिचाऱ्याला काय कळणार, दोन्ही सारख्याच मानाने जपून ठेवतो. सगळं मिळून शंभर जीबीच्या वर गेलं. आतेभाऊ म्हणे, "झिप कर ना." अरे आधीच पिळून घेतलेलं कपडं परत पिळून किती पाणी निघणार!

एडिटिंगला मी यूटी व्हिडिओ नावाचा दुसरा कोडेक वापरतो, तोही लॉसलेसच, फाईल जरा मोठी होते पण टाइमलाइनवर सुसाट पळतं. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे कुठेही कापा, आणि दहा वेळा सेव्ह केलं तरी चित्र उतरत नाही. मग मूळ आणि एफएफव्ही१ दोन्हीचे फ्रेमवार चेकसम, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा, काढले, सगळे जुळले, रात्री दीडला एकटाच हसत बसलो.

आत्या ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आली. पहिला तास कॉपी करायला गेलो तर फाईल फार मोठी आहे म्हणे, जागा सगळी रिकामी असताना! पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्याला ४ जीबीच्या वरची एक फाईल गिळवत नाही. दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला तर टीव्ही म्हणतो असला फॉरमॅट मला चालत नाही. शेवटी आत्या म्हणाली, "ते राहू दे रे, व्हॉट्सॲपवर पाठव."

पाठवलं. आणि तिथे निघाली पंगत. आमचे मोठे काका त्या लग्नात मानपानावरून रुसले होते आणि "मी पाण्याला पण शिवलो नाही" हे इतकी वर्षं प्रत्येक कार्यात ऐकवतात. कॅसेटमध्ये दुसऱ्या पंगतीत, कॅमेऱ्याचा लाइट बरोबर तोंडावर, काका जिलबी मठ्ठ्यात बुडवतायत. ग्रुपवर गोंधळ. काकांचं उत्तर आलं, "हा कुठला मी, हा तर सुलूचा दीर." आणि खरंच, व्हॉट्सॲपने चेहऱ्याचे असे चौकोन केले होते की दीरच काय, दीराची बायको पण म्हणता आली असती.

मी म्हटलं काका, या की रविवारी, ओरिजिनल आहे माझ्याकडे, लॅपटॉप टीव्हीला जोडतो, मिशीला लागलेला पाक सुद्धा दिसतो. दोन मिनिटं टायपिंग टायपिंग दिसलं आणि मग आलं, "एवढ्या मोठ्या फायली कशाला ठेवतोस, उगाच जागा खातात. काढून टाक."