काम काय करता, हे केस पेपरवर लिहून घ्या

उन्हाळा लागला की नानांचा घोळणा फुटणार, हे आमच्या घरी ठरलेलंच असायचं. आई दुर्वा वाटायची, फडक्यातून रस गाळायची आणि चार थेंब त्यांच्या नाकात सोडायची. "यांच्या अंगात उष्णता फार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुढे हिवाळ्यातही रक्त यायला लागलं, तरी घरात कारण तेच राहिलं. रात्री झोपेत त्यांच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. आम्ही भावंडं पांघरुणात तोंड खुपसून हसायचो. आता ते आठवलं की पोटात कालवतं.

नाना 1998 ते 2015 नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, धातूवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग शॉपमध्ये टाकीवर होते. सिडकोतल्या आमच्या खोलीपासून सायकलने जेमतेम पंधरा मिनिटं. हँगरला जॉब, म्हणजे मुलामा द्यायचे भाग, लावायचे, टाकीत सोडायचे, वेळ झाली की काढून धुवायचे. क्रोमिक ऍसिडच्या टाकीत करंट सोडला की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, वर येऊन फुटतात आणि फुटताना ऍसिडचा बारीक फवारा हवेत उडवतात. टाकीच्या काठाशी एक्झॉस्ट असला तर तो फवारा खेचला जातो. नाना सांगतात, तिथला एक्झॉस्ट तपासणीला कोणी येणार असलं की सुरू व्हायचा. एरवी नाकाला रुमाल. तो रुमाल संध्याकाळी पिवळा होऊन घरी यायचा आणि आई आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर धुवायची.

हे क्रोमियम नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतं, तिथे जखम करतं आणि हळूहळू कूर्चा खाऊन टाकतं. पडद्याला आरपार भोक पडतं, पण ते फारसं दुखत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. भोक लहान असलं की श्वासाबरोबर शिट्टी वाजते. आम्ही हसायचो ती हीच शिट्टी. याच क्रोमियमने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे जगभर मान्य झालेलं आहे.

2014 मध्ये एका डॉक्टरांनी टॉर्च लावून नानांचं नाक पाहिलं. तपकीर ओढता का, विचारलं. नाही. नाकात बोट घालायची सवय आहे का? नाही. केस पेपरवर "पडद्याला छिद्र" एवढंच लिहिलं आणि मलम दिलं. नानांच्या बोटांवर गोल, काठ उचललेले खड्डे होते, ते टेबलावर समोरच होते. काम काय करता, हे विचारलं नाही. तो प्रश्न पहिल्यांदा 2017 मध्ये दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी विचारला. नाना "प्लेटिंगला होतो" म्हणाले आणि बाईंनी पेन खाली ठेवून त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. त्या बाईंना मी विसरणार नाही.

ही पोस्ट मी त्या मधल्या तीन वर्षांसाठी लिहितेय.

आपल्याकडे कायदा नाही, असं अजिबात नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 चा आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. क्रोमियम, शिसं, पारा, बेंझीन, आर्सेनिक, सगळं त्यात आहे. क्रोमियमच्या गटातल्या कामावर माणूस सलग 6 महिने राहिला आणि त्याला तो आजार झाला, तर तो आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले. इतक्या जुन्या कायद्यात कोणीतरी नानांच्या बाजूने लिहून ठेवलं होतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आजारांची यादी तिथेही तिसऱ्या परिशिष्टातच आहे.

पण मग "हा माणूस टाकीवर होता" हे कोण सांगणार? आम्ही अडकलो ते तिथे. 17 वर्षांत ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं. जागा तीच, टाकी तीच, सुपरवायझरही तोच. कागदावर मात्र नाना कधी एकाचे, कधी दुसऱ्याचे. हजेरीत हुद्दा काय, तर "हेल्पर, पॅकिंग". ज्या माणसाने आयुष्यात एक खोकं पॅक केलं नाही, तो कागदावर पॅकिंगवाला. आणि हे रजिस्टर कोणाच्या ताब्यात, तर ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच्या.

आमची आणखी एक चूक झाली, तीही सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. शेवटच्या ठेकेदाराकडे नानांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता. ज्याला ईएसआय लागू आहे, त्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याने ईएसआयकडे अपंगत्व लाभासाठी जायचं, मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं. कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं, त्या प्रमाणात महिन्याचे पैसे मिळतात. आमच्या पहिल्या वकिलांनी हे न बघताच लेबर कोर्टात अर्ज टाकला. दीड वर्ष तारखा झाल्या आणि समोरून एका पानाचं उत्तर आलं, की अर्ज इथे चालतच नाही. म्हणून वकिलांकडे जाण्याआधी ईएसआयचं कार्ड शोधा. आणि ज्यांना ईएसआय नाही त्यांनी दोन वर्षांची मुदत ध्यानात ठेवा. आजारपणामुळे कामावर जाणं बंद झालं, त्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण कारण कागदावर दाखवावं लागतं.

डॉक्टरांशी मला थोडं स्पष्ट बोलायचंय. कारखाने कायद्याच्या कलम 89 प्रमाणे, यादीतला आजार दिसला की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवणं बंधनकारक होतं. न कळवल्यास दंड 1000 रुपयांपर्यंत. ही जबाबदारी कामाच्या जागेच्या सुरक्षिततेच्या नव्या संहितेतही आहे. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर एवढ्या औद्योगिक वसाहती असताना, असं पत्र पाठवलेला एकही डॉक्टर मला आजवर भेटलेला नाही. मला डॉक्टरांवर राग काढायचा नाही. ओपीडीत शंभर माणसं असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण "काम काय करता?" विचारून उत्तर केस पेपरवर लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्या एका ओळीवर माझ्या वडिलांचा सगळा दावा उभा राहिला असता.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 ला ऍस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात हेच ओळखलं होतं. नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी जपून ठेवा, असा आदेश दिला. कारण हे आजार माणूस कामावर असताना दिसतीलच असं नाही. गोध्र्याच्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गेले आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, घेऊन परतले. 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्या, हा आदेश यायला 2016 उजाडलं.

आपल्या द्राक्षपट्ट्यातही असंच आहे. निफाड-दिंडोरीत फवारणी करताना विषबाधेने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून 2 लाख मिळतात, पण त्यासाठी सातबाऱ्यावर त्याचं किंवा घरातल्या कोणाचं तरी नाव लागतं. फवारणीच्या ब्लोअरमागे उभ्या मजुराकडे कोणता कागद आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे, की रजिस्टर ज्याच्या हातात आहे त्याने ते आणलं नाही, तर कामगाराचं म्हणणं खरं धरा. पुराव्याच्या कायद्यात तसं अनुमान काढायची मुभा आहेच. अशा आजारांत ती मुभा न राहता नियम व्हायला हवा.

नाना आता जिना चढताना दोनदा थांबतात. बोर्डाची पुढची तारीख लागली आहे. आईने पत्र्याच्या पेटीतून पगाराच्या सात चिठ्ठ्या शोधून काढल्यात, दोन वाचता येत नाहीत. 2001 ते 2012 या काळात अंबडमध्ये क्रोम प्लेटिंगला असलेलं कोणी हे वाचत असेल, किंवा तुमचे वडील, काका, मामा असतील, तर मला मेसेज करा. साक्षीला या असं लगेच म्हणत नाही, नोकरीची भीती मला कळते. टाकीजवळचा एखादा जुना फोटो, गेटपास, हजेरी कार्ड, काहीही चालेल. आणि घरात कोणाच्या नाकातून झोपेत शिट्टी वाजत असेल, तर उद्याच दाखवून या.